दोन शीटांची गाडी

१

प्रेमदास राठोडनं बारा वर्षं सेनगाव ते हिंगोली जीप चालवली, आणि त्या बारा वर्षांत स्वतःच्या जीपमध्ये त्याला एकदाही ऐसपैस बसायला मिळालं नाही. कागदावर गाडी नऊ माणसांची. प्रेमदास अठरा बसवी, बाजाराच्या दिवशी बावीस. ड्रायव्हर आणि त्याचं दार यांच्यामध्येसुद्धा एक जण घुसे. मग प्रेमदास अर्ध्या ढुंगणावर तिरका होऊन, भलत्याच माणसाच्या गुडघ्यावरून हात घालून गिअर टाकी. जीपवाले माणसाला माणूस म्हणत नाहीत, शीट म्हणतात. ‘किती शीटं झाली?’ ‘दोन शीटं कमी हायत, थांबा जरा.’ शीटाला नाव नसतं, गाव असतं, तेही भाडं घेण्यापुरतं.

मागं लोंबकळणाऱ्यानं पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. आरशाचा उपयोग नव्हता, त्यात नुसत्या पाठी दिसत. म्हणून प्रेमदास बसल्या बुडानं मोजी. माणूस चढला की गाडी दबते, उतरला की उठते. चढलेली बाई आहे की बाप्या, कडेवर लेकरू आहे की डोक्यावर ज्वारीचं पोतं, हे त्याला न बघता कळे. याबाबतीत तो कधी चुकला नाही. असं तो स्वतः म्हणे, आणि त्याच्यावर जळणारेही म्हणत.

आणि अपघात? एकही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं लोकांनी नको नको ते बोलून घेतलं. बारा वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडी मेली नाही. तरीही जे झालं ते त्याच्याच वाट्याला आलं. याला न्याय म्हणत असाल तर म्हणा बापडे.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातून झाली होती. पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जीप गच्च भरलेली असताना त्याची बायको शिला मागच्या फळीवर बसली होती, मांडीवर सव्वा वर्षाची निता. चढाला गाडी ओढेना. दोन शीटं उतरवणं भाग होतं. बाकीच्यांनी भाडं दिलेलं, त्यांना कसं उतरवणार? प्रेमदास ओरडला, “शिले, तू उतर. चढ चालून ये.” ती उतरली. चढ संपला, पण मागून दुसऱ्याची जीप हॉर्न देत येत होती, पुढच्या फाट्यावरची शीटं त्यानं उचलली असती. प्रेमदास थांबला नाही. शिला भर दुपारी लेकरू घेऊन सात किलोमीटर चालत तांड्यावर आली. ती भांडली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, “आता तुमच्या गाडीत मी बसनार न्हाई.”

नऊ वर्षं ती बसली नाही. माहेरी, डोंगरकडा गावाला, जायची तर एसटीनं. नवरा जीपवाला, आणि बायको एसटीची वाट बघत रस्त्यावर उभी. तिच्या समोरून जीप घेऊन जाताना प्रेमदासला मान खाली घालावी लागे.

२

म्हणून त्यानं ती गाडी घेतली. लोक म्हणाले मस्ती आली, जीप विकून हिंगोलीत स्पेअर पार्टचं दुकान टाकलं आणि डोकं फिरलं. काही मस्ती नव्हती. त्याला अशी गाडी पाहिजे होती की जिच्यात तिसऱ्या माणसाला जागाच नाही.

नांदेडच्या एका डॉक्टरकडं ती उभी होती. लाल, बसकी, दोन दारं, दोनच माणसांची. परदेशी नाव होतं, ते म्हणायला जीभ वळत नसे, म्हणून तांड्यात तिला लाल गाडी म्हणत. डॉक्टर म्हणाला, “अहो, तुमच्याकडच्या रस्त्यांवर ही चालायची नाही.” प्रेमदासला राग आला. आमच्याकडच्या रस्त्यांवर आम्ही बारा वर्षं बावीस माणसं चालवली, आणि एवढीशी गाडी चालणार नाही?

पण डॉक्टर अगदीच खोटं बोलत नव्हता. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर. तांड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची खाचखळग्यांची वाट प्रेमदासनं स्वतः मुरूम टाकून बुजवली. शाळेपुढचा गतिरोधक मोजून आला. गाडीत एकटा माणूस असेल आणि चाकं तिरकी चढवली तर सायलेन्सर चार बोटं वरून जातो, हे त्यानं रस्त्यावर उताणं झोपून बघितलं. टायर हैदराबादहून आणवले. दर रविवारी सकाळी आधी प्लग काढून ब्रश मारायचा, पाणी-ऑइल बघायचं, ओल्या फडक्यानं धुवायची, कोरड्यानं पुसायची, आणि मग हिंगोलीपर्यंत एक चक्कर. सेनगावच्या रस्त्यावर सरळ पट्टा लागला की तो पाय दाबी. पाठ सीटला चिकटे आणि दोन्ही बाजूंची सोयाबीन मागं पळे. त्या वेळी तो मोठ्यानं हसे. एकटाच, अख्ख्या सीटवर, दोन्ही ढुंगणं टेकून.

लोक हात करायचेच. आपल्याकडं गाडी दिसली की हात होतोच. प्रेमदास काच खाली करी आणि चवीनं सांगे, “दोनच शीटांची हाय. एक मी, दुसरी जागा ठरलेली हाय.”

ती जागा शिलाची होती. डावीकडच्या सीटवरचं प्लास्टिक त्यानं काढलं नव्हतं. निताला, स्वतःच्या पोरीलासुद्धा त्यावर बसू दिलं नाही. शिला पहिले दोन महिने गाडीकडं बघेना. मग श्रावणात एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “दिवाळीला माहेरी जायाचं हाय. सोडता का?”

प्रेमदासच्या हातातला गिलास तसाच राहिला.

“पन एक सांगते,” ती म्हणाली. “तुमी आन् मी. तिसरं शीट दिसलं की मी उतरून जाईन.”

“तिसरं बसंल कुठं? माझ्या डोक्यावर?”

ती हसली. नऊ वर्षांनी, गाडीच्या विषयावर.

३

त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. तीनलिंब फाट्याजवळ प्रेमदासनं गिअर बदलला आणि मागं डिकीच्या पत्र्यावर थाप पडली. एकच.

त्याचा पाय ब्रेकवर गेला. त्यानं नेला नाही, पाय गेला. बारा वर्षं पाय त्या थापेवर चालला होता, त्याला मालकाच्या परवानगीची गरज नव्हती. गाडी थांबली. फाट्यावर तीन कडुलिंब, एक पडलेला मैलाचा दगड आणि तुरीच्या रानात शिरणारी कच्ची वाट. ती वाट नाल्यापर्यंत जाते आणि संपते, पलीकडं गाव नाही. जीपच्या काळात तिथं चढणारं किंवा उतरणारं शीट त्याला एकही भेटलं नव्हतं.

माणूस नव्हतं. गाडी मात्र दबली. थोडीशी, मागच्या डाव्या बाजूला.

मग दोन थापा पडल्या आणि पायानं क्लच सोडला.

पुढं अर्धा किलोमीटर गेल्यावर प्रेमदासला राग आला. कोणी तरी टारगट पोरगं झाडामागं लपलं असणार, दगड मारून पळालं असणार. नव्या रंगावर दगड! तो उतरून डिकी बघून आला. ओरखडा नव्हता. धुळीत पंजाही उमटला नव्हता. बरं, तो मनाशी म्हणाला, मनाचे खेळ. बारा वर्षांची सवय, गाडी गेली तरी कान कुठं जातात?

शाळेपुढच्या गतिरोधकावर त्यानं नेहमीसारखी चाकं तिरकी चढवली. सायलेन्सर खर्रकन घासला.

तो उतरला, रस्त्यावर झोपला, बोटं घालून बघितली. चार बोटांची जागा राहिली नव्हती. तीन बोटंही अडकत होती.

पुढच्या रविवारी पुन्हा थाप. त्यानं ठरवलं होतं, थांबायचं नाही. थांबला. या खेपेला बाई होती, वजनानं जड, आणि तिच्यासोबत गाठोडं होतं. हे कळल्याबरोबर प्रेमदास स्वतःवरच खेकसला, “कोन बाई? कुठली बाई? गप गाडी चालव!”

तिसऱ्या रविवारी म्हातारा. तो चढताना गाडी दोनदा हलली, कारण म्हातारी माणसं एका दमात चढत नाहीत. सोमवारी-मंगळवारी, दुकानाला जाताना-येताना फाटा मुका असे. रविवारी मात्र ठरलेलं. आणि उतरत कोणीच नव्हतं.

४

हिंगोलीत प्रेमदासच्या दुकानाशेजारी उत्तमसिंग मिस्त्रीचं गॅरेज होतं. हा माणूस नांदेडहून आलेला, हात सोन्याचे, तोंड बंद. त्यानं गाडीखाली जाऊन टॉर्च मारला.

“शॉकअप बसले,” तो म्हणाला.

नवे शॉकअप घातले. गाडी तेवढीच खाली. स्प्रिंग बदलल्या. तेवढीच खाली. उत्तमसिंग कपड्याला हात पुसत उभा राहिला.

“प्रेमदासभाई, बुरा मत मानना. गाडीत वजन काय टाकता?”

“काहीच न्हाई.”

“डिकीत सिमेंट वगैरे?”

“उत्तमसिंग, तू स्वतः उघडून बघितली ना डिकी!”

“बघितली. रिकामी हाय. पन स्प्रिंग झूट न्हाई बोलत. ही भरलेली गाडी हाय.”

प्रेमदास इतका चिडला की त्यानं भर बाजारात मिस्त्रीला नाही नाही ते सुनावलं. तुला कळत नाही म्हण, हात टेकले म्हण, पण माझ्या रिकाम्या गाडीला भरलेली म्हणू नको! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. उत्तमसिंगनं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, “काट्यावर चढवा. तकलीफ काय? दोन मिनिटाचं काम.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण प्रेमदासला आता सगळ्यांची तोंडं बंद करायची होती, स्वतःचंही. मार्केट यार्डाच्या मागं ट्रकांचा वजनकाटा होता. काट्यावर दगडोबा नावाचा कापसासारखी दाढी असलेला माणूस बसे. त्याची खोली लहान, खिडकी त्याहून लहान, आणि पुढ्यात लाल आकड्यांचं यंत्र. यंत्राचा सारखा घूं असा आवाज येई.

प्रेमदास गाडी घेऊन काट्यावर चढला. कागदावर गाडी आठशे सत्तर किलोची. तो स्वतः सत्तरचा. मनात बेरीज करून बसला, नऊशे चाळीस.

दगडोबा यंत्राकडं बघत होता, बाहेर नाही. खिडकीतून त्याचा आवाज आला.

“चौदाशे दहा. मानसं उतरवून काटा करा शेठ, असं बराबर वजन येत न्हाई.”

“कोन मानसं?”

“आता हाललं की. आत बसलेल्या मानसांनी हालू नये, आकडा नाचतो.”

प्रेमदासनं शेजारच्या सीटकडं बघितलं. तेव्हा दगडोबानं मान उचलून बाहेर बघितलं. लाल गाडी, तिच्यात एकटा प्रेमदास, शेजारी प्लास्टिक न काढलेली सीट. दगडोबा बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं खिडकीची फळी लावून घेतली. आतून घूं चालूच होतं.

चारशे सत्तर किलो जास्त. प्रेमदासनं भागाकार केला नाही, त्याला गरज नव्हती. ज्या दिवशी काटा केला त्या दिवशीपर्यंत नऊ चढले होते. त्यांत एक गाठोडं होतं, एक लेकरू होतं.

५

तुम्ही म्हणाल, विकून टाकायची. उत्तमसिंगही तेच म्हणाला. पण का विकायची? प्रेमदास रात्रंदिवस हाच प्रश्न विचारत होता. गाडी त्याची, मुरूम त्यानं टाकलेला, टायर त्यानं आणवलेले, आणि ही आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेली मंडळी त्याच्या बायकोच्या दिवाळीवर उठली होती. त्यानं एकाचाही जीव घेतला असता तर मुकाट्यानं सोसलं असतं. कोणाचं भाडं बुडवलं असतं, कोणाला अर्ध्या वाटेत टाकलं असतं, तर तेही समजू शकलो असतो असं तो म्हणाला, आणि मग आत चुलीकडं बघून आवाज खाली आणला.

हे तो आईला सांगत होता. अनुसयाबाई ओट्यावर तूर निवडत होती. तिला तो याडी म्हणे, तांड्यात आईला तसंच म्हणतात.

“याडी, हसू नको.”

“हासत न्हाई बापू. ते कोन हायत?”

“मला काय ठावं?”

“कुठं जायाचं हाय त्यांला?”

“मला काय ठावं म्हनतो ना!”

“मंग इचार की. घरात आलेल्या मानसाला पानी इचारतात, गाडीत बसलेल्याला गाव इचारतात. बारा वर्सं मानसं नेली तू, कोनाचं नाव तरी इचारलं का कधी?”

“मी त्यांला बोलावलं न्हाई!” प्रेमदास एवढ्यानं ओरडला की आत शिलाच्या हातातलं भांडं वाजलं. “मी काहून इचारू? फुकटे सारे! इचारायचं तर त्यांनी मला इचारायला पाहिजे होतं, बसू का म्हनून!”

शिला दारात आली. “कोनाला बोलून राहिले?”

“कोनाला न्हाई. दुकानातली भानगड हाय.”

हे तो खोटं बोलला. तिला खरं सांगितलं असतं तर ती बसली नसती, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शिलानं त्याच्याकडं बघितलं, बाहेर उभ्या गाडीकडं बघितलं. त्या दिवशी तिनं पेटीतून पोपटी साडी काढून उन्हात घातली होती, माहेरी जाताना नेसायची. ती साडी वाळत होती तोपर्यंत प्रेमदासचा राग आणखी चढला.

दिवाळी चार दिवसांवर होती. अकरावा चढून गेला होता. बुधवारी भर दुपारी प्रेमदास एकटाच गाडी घेऊन तीनलिंब फाट्यावर गेला, इंजिन बंद केलं, बाहेर उतरला आणि दोन्ही दारं सताड उघडी टाकली. रस्त्यावर कोणी नव्हतं. तुरीत वारा शिरला की शेंगा खुळखुळत, बाकी सामसूम.

“चला, उतरा!” तो जीपवाल्याच्या आवाजात ओरडला. “शेवटचा थांबा! आपापलं सामान बघून घ्या!”

गाडी हलली नाही. पण तिच्यात शांतता होती असंही म्हणता येत नव्हतं. गच्च भरलेल्या जीपमध्ये ड्रायव्हर काही बोलला की सगळे क्षणभर गप होतात आणि एकमेकांकडं बघतात, तसलं काहीसं. कोणी तरी खाकरलं. तो तुरीतला पक्षीही असू शकेल.

प्रेमदासचे कान तापले. त्यानं टपावर मूठ आपटली.

“ऐका नीट! रविवारी माझी बायको बसनार हाय. नऊ वर्सांनी बसनार हाय. रविवारी मी इथं गाडी थांबवतो आन् समद्यांनी उतरायचं! म्हातारं, लेकरू काही सांगायचं न्हाई. गाडी रिकामी पाहिजे. एक बी शीट आत राहायला नको, सांगून ठेवतो!”

तो दमला आणि गाडीत बसला. चावी फिरवली. तेव्हा डिकीवर, हलक्या हातानं, ऐकलं बरं का असं सांगितल्यासारख्या, दोन थापा पडल्या.

६

दिवाळीतल्या रविवारी सकाळी सव्वानऊला शिला पोपटी साडी नेसून बाहेर आली. निताला आजीजवळ ठेवायचं ठरलं होतं. प्रेमदासनं डावीकडच्या सीटवरचं प्लास्टिक स्वतःच्या हातानं फाडून काढलं. सगळा तांडा बघत होता. वसराम, प्रेमदासचा बाप, ज्यानं उभ्या आयुष्यात पोराचं कौतुक केलं नव्हतं, तोही बाजेवरून उठून उभा राहिला. प्रेमदासनं तिला पट्टा लावायला शिकवलं. तिच्या हातात पिशवी होती, लाडवांची. ती डिकीत ठेवू का म्हणाला, तर ती नको म्हणाली.

गाडी निघाली. डांबरीला लागली तशी शिला नीट मागं टेकून बसली. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून प्रेमदासला वाटलं, एवढ्यासाठी दहा वेळा जीप विकावी. ती डॅशबोर्डवरून हात फिरवत होती. मग हळूहळू तिनं पदर गोळा करून मांडीखाली दाबला, पिशवी पोटाशी धरली आणि दाराकडं सरकली. चवथ्या माणसाला जागा करून द्यायला बाई जशी सरकते तशी.

“काहून सरकलीस? एवढी मोठी जागा हाय की.”

“काही न्हाई.”

दोन किलोमीटर गेले. काच खाली होती आणि वारा येत होता, तरी तिच्या कपाळावर घाम आला होता. तिनं पुढं बघतच, एकदम हळू विचारलं.

“आवं, किती हायत?”

प्रेमदासनं उगाच गिअर बदलला. “कोन किती?”

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिचा हात पट्ट्याच्या कडीशी गेला आणि तिथंच राहिला.

आता फाटा आलाच होता. फक्त अर्धा किलोमीटर, प्रेमदास मनात म्हणत होता. अर्धा किलोमीटर कळ काढ, मग सगळी उतरतील, मग हवं तर मी तुला सगळं सांगतो, तुझ्या पाया पडतो. तिच्याकडं बघायची त्याची हिंमत होत नव्हती. नजर समोर, हात स्टिअरिंगवर, तीन लिंबं जवळ येत चाललेली.

डिकीवर एक थाप पडली.

गाडी थांबली. इंजिन चालू होतं आणि प्रेमदास बुडानं मोजत होता. मागची डावी बाजू उठली, एक. बाई, गाठोडंवाली, दोन. म्हातारा उतरला, तसाच दोन दमात. बाप्या, बाप्या, बाई आणि लेकरू. कोणी घाई करत नव्हतं, कोणी धक्का देत नव्हतं. सगळी माणसं शहाण्यासारखी उतरत होती. दिलेला शब्द पाळत होती. आठ. नऊ. गाडी वर येत चालली, पहिल्या दिवशी नांदेडहून आणली होती तेवढी वर. दहा. अकरावा उतरला तेव्हा प्रेमदासला रडू आणि हसू एकदमच आलं. शिला, बघ आता, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

आणि गाडी आणखी एकदा उठली.

शेजारून उठली. बाई होती, अंगानं हलकी, हातात पिशवी. हे त्याच्या शरीराला कळलं, आणि डोक्यात जायच्या आधी डिकीवर दोन थापा पडल्या आणि त्याच्या पायानं क्लच सोडला.

पन्नास पावलं गेल्यावर त्यानं मान वळवली. दार बंद होतं. ते उघडल्याचा आवाज झाला नव्हता. पट्टा कडीत अडकलेला होता, मोकळ्या सीटवर आडवा, सैल. त्यानं आरशात बघितलं. कच्च्या वाटेनं तुरीच्या रानात एक ओळ चालली होती, पाठमोरी, डोक्यावर गाठोडी, एकाच्या खांद्यावर लेकरू. सगळ्यात शेवटी पोपटी साडी होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढच्या बाईला काही तरी सांगितलं.

प्रेमदासनं गाडी तशीच रस्त्यात टाकली आणि धावला. वाटेवर पावलं नव्हती. तूर त्याच्या खांद्याला लागत होती आणि पुढं, हाकेच्या अंतरावर, शेंडे हलत होते.

“थांबवा!” तो ओरडला. “तिला थांबवा! ती शीट न्हाई! ती माझी बायको हाय! तुमी जा, कुठं जायाचं तिथं जा, ती तुमच्यातली न्हाई!”

कोणी थांबलं नाही. कोणी त्याला ओ दिली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. त्याला शिव्या चालल्या असत्या.

“शिले!” तो ओरडला. “शिले, मागं बघ!”

तो नाल्यापर्यंत पळत गेला. नाल्यात दिवाळीपुरतं पाणी होतं, स्वच्छ, आणि काठावरचा चिखल जसाच्या तसा होता. पलीकडं रान. मागं रस्त्यावर लाल गाडी दार उघडं टाकून उभी होती. तिचं इंजिन चालू होतं, आणि एवढ्या लांबूनही तो आवाज त्याला ओळखू येत होता. गाडी रिकामी असली की जसा येतो तसा.